श्वासाचं मशीन खांद्यावर: वडगावहून शारजाला जाताना

झोपेत श्वास अडतो म्हणून रोज रात्री मास्क लावून जे सीपॅप मशीन चालवावं लागतं, ते घेऊन विमानानं जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. पुढचं वाचायला वेळ नसला तरी एवढं लक्षात ठेवा. मशीन, मास्क, नळी आणि अडॅप्टर या चार वस्तू एकाच बॅगेत ठेवायच्या, आणि ती बॅग घरापासून मुक्कामापर्यंत तुमच्याच खांद्यावर राहू द्यायची. चारातली एकही वस्तू मोठ्या बॅगेत जाऊ द्यायची नाही. वजन जास्त भरलं म्हणून नाही, काउंटरवरच्या मुलीनं गोड शब्दांत सांगितलं म्हणून नाही, घरच्यांनी आग्रह केला म्हणूनही नाही.

2024 च्या जानेवारीत मी धाकट्या मुलीच्या बाळंतपणाला शारजाला निघाले. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई, आणि मुंबईहून रात्रीच्या विमानानं शारजा. मोठ्या बॅगेत हळीव, खारीक, डिंकाचे लाडू, जुन्या मऊ साड्यांची दुपटी आणि व्याह्यांसाठी कुंदा. (लाडवात खसखस घातली नव्हती. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, हे तिकडे बाळंतपणाला जाणाऱ्या प्रत्येक आईनं ध्यानात ठेवावं.) हातातल्या बॅगेत मशीन. काउंटरवर हातातल्या बॅगेचं वजन भरलं पावणेनऊ किलो, आणि मर्यादा सातची. मागे रांग लागलेली. हाताला येईल ते काढलं आणि मोठ्या बॅगेत कोंबलं. एक शाल, औषधांचा डबा, आणि अडॅप्टरचा काळा ठोकळा.

शारजात पट्टा फिरून फिरून थांबला, माझी बॅग आलीच नाही. ती मिळाली तिसऱ्या दिवशी दुपारी. दोन रात्री मशीन टेबलावर होतं आणि त्याला करंट द्यायची सोय नव्हती. जावई म्हणाले, लॅपटॉपचा अडॅप्टर लावून बघू या. मी नको म्हटलं, ते बरंच झालं. माझ्या मशीनला 24 व्होल्ट लागतात, लॅपटॉपचा ठोकळा वेगळ्या व्होल्टचा असतो, पिनही वेगळी. तसला प्रयोग कोणी करू नये. त्या दोन रात्री नववा महिना लागलेली माझी मुलगी खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसली. श्वास अडला की खांदा हलवायची. मी जिच्या उशाशी बसायला गेले होते, ती माझ्यासाठी जागली. ते मला अजून खुपतं, आणि म्हणूनच हे लिहायला बसले.

आधी हे सांगता आलं पाहिजे की ते आहे काय

आमचं घर बेळगावच्या वडगावात. खाली सहा यंत्रमाग, वर आम्ही राहतो. तीस-पस्तीस वर्षं त्या खडखडाटात झोपले, माझं घोरणं कुणाच्या कानावर कधी पडलंच नाही. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, माग बंद पडले आणि घर पहिल्यांदाच शांत झालं. चार-पाच दिवसांनी सून सकाळचा चहा देताना म्हणाली, "आत्या, रात्री तुम्ही घोरता घोरता एकदम गप्प होताय. मी बसून मोजतो. वीस आकडे होतात तरी श्वास येत नाही की." दुपारी हिशेबाच्या वहीवर डोकं टेकून झोप लागायची, ते मी वयाच्या माथी मारत होते. पुढच्या वर्षी झोपेची तपासणी झाली. तासाला 42 वेळा श्वास अडत होता, आणि प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद. पाचच्या आत असलं तर काळजी नाही, 30 च्या वर गेलं की आजार तीव्र धरतात.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट मिटते, तोच हा स्लीप अ‍ॅप्निया. मशीन खोलीतलीच हवा ओढून घेतं आणि ठरलेल्या दाबानं मास्कमधून आत सोडतं. त्या दाबामुळे वाट उघडी राहते. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली हा उपाय जगापुढे मांडला. त्यात ऑक्सिजन नसतो, सिलिंडर नसतो, औषध नसतं.

प्रवासात हे शेवटचं वाक्य फार कामाला येतं. 'श्वासाचं मशीन' म्हटलं की समोरच्याला पहिल्यांदा ऑक्सिजनचा सिलिंडर आठवतो, आणि सिलिंडरचे विमानातले नियम फार कडक आहेत. मग फोनाफोनी सुरू होते आणि तुम्ही बाजूला उभे. म्हणून पहिलं वाक्यच तसं बोलायचं. मी तिन्ही भाषांतलं पाठ करून ठेवलंय. सांबऱ्याला कुणी कन्नड बोलणारं भेटलं तर: "इदु उसिराटद मशीन, आक्सिजन अल्ल." मुंबईत: "ये सोते समय साँस की मशीन है, इसमें ऑक्सिजन नहीं है." आणि परदेशात फक्त चार शब्द: "सीपॅप मशीन, नो ऑक्सिजन." सीपॅप हा शब्द उच्चारला की जाणत्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

कागद

डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, आणि खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. त्यात आजाराचं नाव, मशीनचं मॉडेल आणि सिरीयल नंबर, ठरवून दिलेला दाब (माझा 11 आहे, तो पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात), आणि 'हे यंत्र रोज रात्री लागतं, ते प्रवाशाजवळ केबिनमध्येच असलं पाहिजे' असं स्पष्ट वाक्य. बहुतेक चिठ्ठ्यांत हे शेवटचं वाक्य नसतं आणि खरी गरज त्याचीच असते. तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टर ते लिहीत नाहीत, त्यांनाही सुचत नाही.

नाव पासपोर्टावर आहे तसंच्या तसं हवं. आमच्या सीमाभागात हा घोळ घरोघरी आहे. दवाखान्याच्या कार्डावर कर्नाटकी पद्धतीनं आधी इनिशियल, शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीनं नाव-वडील-आडनाव, पासपोर्टावर तिसरंच. पासपोर्टाची झेरॉक्स घेऊनच दवाखान्यात जा आणि ती समोर ठेवून नाव लिहून घ्या.

मशीनच्या बिलाची एक झेरॉक्सही जवळ असू द्या. परत येताना कस्टमवाल्यांनी विचारलं, तर वस्तू इथूनच नेली होती हे दाखवता येतं. सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये, आणि एक संच मुलांच्या मोबाइलमध्ये.

तिकीट काढलं की विमान कंपनीला ईमेल करा. दोन प्रश्न विचारायचे: हे वैद्यकीय यंत्र हातातल्या बॅगेच्या वजनात धरणार की वेगळं नेता येईल? आणि विमानात वापरायचं असेल तर आधी काय कळवावं लागेल? अमेरिकेच्या नियमांत असं यंत्र हातातल्या सामानात मोजतच नाहीत. आपल्याकडे प्रत्येक कंपनीचं उत्तर वेगळं येतं, म्हणून ते लेखी हवं. आलेला ईमेल छापून चिठ्ठीला टाचून ठेवा. दुसऱ्यांदा शारजाला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं पुन्हा वजनाचं काढलं. मी वाद घातला नाही, टाचलेला कागद पुढे केला. तिनं तो वाचला, आतल्या माणसाला दाखवला, आणि मशीनच्या बॅगेला वेगळी चिठ्ठी लावून दिली. पाच मिनिटंही गेली नाहीत.

बॅग भरणं

आमच्याकडे सूत मोजायचा काटा आहे. त्यावर मी मशीनची भरलेली बॅग ठेवून बघितली: 2 किलो 400 ग्रॅम. मशीन स्वतः सव्वा किलोच्या आसपास, बाकी अडॅप्टर, नळी, मास्क आणि हवा ओलसर करणारं पाण्याचं भांडं. म्हणजे कंपनीनं सातमध्ये धरलं तरी तुमच्याकडे साडेचार किलो उरतात. घरातच वजन करा. लाडवांचा डबा कुठे ठेवायचा हा निर्णय रांगेत उभं राहून घ्यायचा नसतो.

माझ्या बॅगेत असतं ते असं. चार मुख्य वस्तू. मास्कची एक जादा उशी, म्हणजे नाकाला टेकतो तो सिलिकॉनचा भाग, कारण तो फाटला की दाब गळतो आणि परगावी त्याच मापाचा मिळेलच असं नाही. दोन जादा फिल्टर. त्या देशाच्या भोकांत बसणारी पिन. आपल्याकडची तीन-चार मीटरची एक्सटेन्शन. एक सुती पंचा. आणि मशीन गुंडाळायला स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. ती कशाला, ते पुढे येतं.

पिन आणि व्होल्टेज यांत लोक फार गोंधळतात. अडॅप्टरचा ठोकळा उलटा करा. मागे बारीक अक्षरांत 'इनपुट' लिहिलेलं असतं, चष्मा लावून ते वाचा. '100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असं असेल तर तो ठोकळा जगात कुठेही चालतो. आपल्याकडे आणि अमिरातीत 230 व्होल्ट, अमेरिकेत 120, तो स्वतःच जुळवून घेतो. तुम्हाला लागते फक्त पिन. अमिरातीत आणि इंग्लंडमध्ये तीन चपट्या जाड पायांची, अमेरिकेत दोन पातळ पट्ट्यांची. व्होल्टेज बदलणारा जड डबा कुणी विकायला बसला तर घेऊ नका. मशीनबरोबर मिळतात त्या अडॅप्टरांवर बहुधा हाच आकडा असतो, पण वाचल्याशिवाय धरून चालू नका.

पाणी

निघायच्या आदल्या रात्री भांड्यात पाणी घालायचं नाही. एक रात्र कोरड्या हवेनं काही बिघडत नाही, नाक थोडं सुकतं एवढंच. सकाळी भांडं काढून पुसायचं, झाकण उघडं ठेवून वाळवायचं, आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच बॅगेत ठेवायचं. मशीनला जोडून नाही, वेगळं.

यात हयगय करू नका. खानापूरच्या पुढे माझं माहेर आहे. तिथं एका पावसाळ्यात मी भरल्या भांड्यासकट मशीन टेबलावरून उचलून कॉटवर ठेवलं. थोडंच कललं, तेवढ्यात भांड्यातलं पाणी आत वळलं. सुरू केलं तर नळीतून गुडगुड आवाज आणि तोंडावर ओलसर फवारा. लगेच बंद केलं, भांडं काढलं, दिवसभर उलटं ठेवून वाळवलं, म्हणून वाचलं. हवा ढकलणाऱ्या मोटारीत पाणी शिरलं तर मशीन जायला वेळ लागत नाही, आणि विमानतळावर तर बॅग दहा वेळा आडवी-उभी होते.

डिस्टिल्ड पाण्याची बाटली इथून वाहून नेऊ नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात 100 मिलीच्या वरचं पाणी तपासणीत अडतं, समजावत बसावं लागतं. तिकडे औषधाच्या दुकानात किंवा मोठ्या बाजारात घ्या. पहिल्या रात्री नाहीच मिळालं तर उकळून गार केलेलं पाणी एक-दोन रात्रींना चालतं. फक्त नळाचं पाणी तसंच घालू नका. क्षारांचा पांढरा थर बसतो, शिवाय त्याची वाफ थेट श्वासात जाते.

सांबरा, ट्रे, आणि विमानाची पायरी

सांबऱ्याची नवी इमारत 2017 मध्ये सुरू झाली. आवार आटोपशीर आहे, चालणं फार नाही. तरी तुम्ही नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच पोचा, कारण तपासणीत तुमची बॅग उघडली जाणार हे धरूनच चालायचं.

ट्रेजवळ आलात की कुणी सांगायची वाट न पाहता मशीन बॅगेबाहेर काढा, लॅपटॉप काढतात तसं. त्या प्लास्टिकच्या पिशवीसकटच ट्रेमध्ये ठेवा. ज्या ट्रेमध्ये आत्ताच कुणाचे बूट आणि पट्टे होते, त्यात तुमच्या श्वासाची वस्तू उघडी ठेवायची नाही. पिशवी पारदर्शक असली की आतलं दिसतं, जवानाला उघडायला लावायची गरज पडत नाही. मास्क आणि नळी बॅगेतच राहू द्या. एक्स-रेनं मशीनला काही होत नाही. हातानं तपासायचं म्हणाले तर अवश्य तपासू द्या, फक्त मास्कला हात लावण्याआधी नवे हातमोजे घालायची विनंती करा. मी दोनदा केली, दोन्ही वेळा जवानानं काही न बोलता मोजे बदलले.

आता एक गोष्ट बेळगावकरांनी खास लक्षात ठेवण्यासारखी. आपल्याकडून सुटणारी बरीच विमानं लहान असतात. डोक्यावरचे कप्पे उथळ, चाकांची बॅग त्यात मावत नाही. मग विमानाच्या पायरीशी उभा असलेला माणूस हातातल्या बॅगा घेतो, चिठ्ठी लावतो आणि पोटात टाकतो. त्याचं काम तो बरोबरच करतो. पण तुमची मशीनची बॅग तशी जाऊ द्यायची नाही. यासाठी मशीनला स्वतंत्र, मऊ, खांद्याला लटकणारी बॅग हवी, कपड्यांच्या चाकांच्या बॅगेत ते कोंबायचं नाही. पायरीशी चाकांची बॅग देऊन टाका, खांद्यावरची दाखवून "मेडिकल" म्हणा आणि वर चढा. ती पुढच्या सीटखाली अलगद बसते. आधी वर ठेवायला जाऊ नका, कुणी तरी आपली बॅग त्यावर दाबून बसवतं.

पावसाळ्यात जाणार असाल तर आणखी एक. इकडे ढग खाली उतरले की विमान उतरू शकत नाही, दुसऱ्या गावी वळवतात. अशा वेळी अनोळखी गावात एक रात्र काढावी लागते आणि मोठी बॅग त्या रात्री हाती येईलच असं नाही. त्या रात्रीपुरतं लागणारं सगळं खांद्यावर असलं की काळजी मिटली.

विमानात

मुंबई ते शारजा साडेतीन तासांच्या आत-बाहेर. एवढ्यासाठी मी मशीन लावत नाही. बसूनच राहते, मानेला उशी लावते आणि झोप येऊ देत नाही. डुलकी लागलीच तर पाठ ताठ असल्यानं आडवं पडण्याइतका त्रास होत नाही. मात्र विमान लागू नये म्हणून ज्या गोळ्या घेतात, त्यातल्या बऱ्याच गुंगी आणतात, आणि झोपेच्या गोळीनं घसा आणखी सैल पडतो. आपल्या आजारात या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. शेजारच्यानं प्रेमानं दिली तरी नाही.

चौदा-पंधरा तासांचा अमेरिकेचा प्रवास असेल तर गोष्ट वेगळी, तिथं झोपावंच लागतं. मग कंपनीला निदान 48 तास आधी कळवा. मशीनच्या बुडाला किंवा पुस्तिकेत 'आरटीसीए डीओ-160' असा शेरा आहे का बघा. विमानाच्या उपकरणांना या यंत्राचा अडथळा होत नाही, असा त्याचा अर्थ, आणि कंपनी नेमकं तेच विचारते. सीटजवळ सॉकेट आहे का, हे त्या विमानापुरतं विचारून घ्या. असलं तरी ते लॅपटॉपला पुरेल एवढाच करंट देतं, म्हणून पाणी गरम करणारी आणि नळी तापवणारी सोय बंद ठेवायची. विमानात भांड्यात पाणी घालायचंच नाही. मशीनमध्ये सिम असेल तर त्याचा फ्लाइट मोड चालू करा. खिडकीची सीट मागा, म्हणजे वायर कुणाच्या पायात येणार नाही. विमानातला हवेचा दाब साधारण आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तसा होतो. आताची मशीनं ते ओळखून दाब आपोआप सांभाळतात. जुनं मशीन असेल तर त्यात उंची हातानं ठरवावी लागते, ती विक्रेत्याकडून शिकून घ्या.

बॅटरी

माझ्याकडे बॅटरी आहे ती मुळात माहेरासाठी. खानापूरकडे पावसात झाड पडलं की करंट रात्रभर येत नाही. आमचे हे मागाच्या मोटारी स्वतः दुरुस्त करतात, त्यांनी मला हिशेब शिकवला: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. बॅटरीवर 14.8 व्होल्ट आणि 6600 एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर, लिहिलंय समजा. 6600 ला हजारानं भागा, 6.6. गुणाकार 97.68. विमानाचा नियम असा की 100 वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी विचारल्याशिवाय हातातल्या बॅगेत नेता येते. 100 ते 160 असेल तर कंपनीची परवानगी लागते, आणि अशा सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन. 160 च्या वरची चालतच नाही. सुटी बॅटरी मोठ्या बॅगेत कधीही टाकायची नाही, आगीचा धोका असतो. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या पिशवीत ठेवा.

मोबाइलच्या पॉवरबँकेवर 20,000 एमएएच पाहून लोकांना वाटतं की ही पुरेल. ती आतून 3.7 व्होल्टची, म्हणजे 74 वॉट-अवर, आणि मशीनला लागणारे 24 व्होल्ट ती सरळ देत नाही. बॅटरी घ्यायची तर आपल्या मॉडेलसाठी असलेलीच घ्या.

तिकडे पोचल्यावर

सामान उघडायच्या आधी मशीन लावून पाच मिनिटं चालवून बघा. दुकानं उघडी असेपर्यंत काय कमी आहे ते कळलं पाहिजे.

मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, स्टुलावर किंवा बुटक्या कपाटावर. तिकडे एसी रात्रभर जोरात चालतो. नळीतली उबदार ओल गार होऊन तिचे थेंब होतात, आणि मशीन वर असेल तर ते थेंब मास्कमध्ये उतरतात. शारजात पहाटे नाकात पाणी जाऊन मी दचकून उठले होते. मग नळीला सुती पंचा गुंडाळला आणि मशीन खाली घेतलं, पुन्हा थेंब आला नाही. पंचा बॅगेत असतो तो यासाठी. सॉकेट पलंगापासून लांबच असतं, म्हणून एक्सटेन्शन.

आणि एवढं करूनही कधी मशीनशिवाय रात्र काढायची वेळ आलीच, तर उताणं झोपू नका. कुशीवर, डोकं आणि छाती दोन-तीन उशांवर उंच. आरामखुर्ची असेल तर आणखी बरं. घरात कुणाला तरी सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची नाही, डोळा कधी लागेल सांगता येत नाही. त्या दोन रात्रींनंतर पाणी तापवायला ठेवलेला गॅस मी विसरले होते. लेकीनं वेळेत बघितला.

परत आल्यावर मास्क आणि नळी कोमट साबण-पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा आणि फिल्टर त्याच दिवशी बदला. वडगावात माझा फिल्टर पंधरा दिवसांत पांढरट होतो, सुताचे बारीक तंतू त्यावर कापसासारखे बसतात. शारजाहून दोन महिन्यांनी आले आणि तिथं लावलेला फिल्टर काढून सुनेच्या तळहातावर ठेवला. त्यावर वाळूच्या रंगाची पिठासारखी धूळ होती, बोट लावलं तर उठत नव्हती. तिनं तो कागदात गुंडाळून टाकला, नवा बसवला, आणि रात्री खाली माग चालू असताना मी मास्क लावून झोपले.